अपमान मोजण्याची नोकरी

माणसाचा वर्षाकाठी किती अपमान होतो हे मोजायचं यंत्र सात महिने माझ्या पिशवीत होतं. टॅब म्हणतात त्याला; शाळेच्या पाटीएवढं, काळं, आणि उन्हात धरलं की काही म्हणजे काही न दिसणारं. त्याच्या शेजारी बीपीचं मशीन, पाण्याची बाटली, छत्री आणि गुडघ्याला लावायचं मलम. एवढ्या सामानावर मी कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातली निम्मी रानं पालथी घातली आणि लोकांना विचारत सुटले, की बाबांनो, तुम्हाला कोण किती वेळा हिडीसफिडीस करतं? रोज, आठवड्याला, का सणासुदीला?

हसू नका. याला सार्वजनिक आरोग्याचं संशोधन म्हणतात.

संपादकांनी माझ्याकडे ‘नोकरीतले मजेदार अनुभव’ मागितले आहेत. मजा पुष्कळ आली. शेवटी शेवटी कमी आली, तेही लिहिते. कापायचं असेल तर त्यांनी खुशाल कापावं.

आधी मी कोण ते सांगते. माहेर खानापूरकडचं, सासर रामनगर, आणि नोकरी बत्तीस वर्षं तालुक्यातल्याच एका आरोग्य केंद्रात, स्टाफ नर्स म्हणून. जीपमध्ये बसले की आतली चार-पाच माणसं तरी माझ्या हातावर जन्मलेली असायची आणि त्यातला एकही उठून जागा द्यायचा नाही. तोंडाने मी फटकळ. पण ‘सिस्टरच्या हाताला यश हाय’ असं लोक म्हणायचे आणि मी ते खोटं आहे असं कधी म्हटलं नाही. रिटायर झाल्यावर नवरा म्हणाला, आता घरी बस. आठवडाभर बसले. मग तोच म्हणाला, काहीतरी काम बघ.

ते काम शहरातल्या एका संस्थेकडून आलं. संस्थेच्या वृंदा मॅडम डॉक्टर होत्या, पण कुणाला औषध द्यायच्या नाहीत, फक्त अभ्यास करायच्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, आवाज मऊ, आणि दर वाक्यात एकदा ‘ताई’. जोयड्यात एका हॉलमध्ये त्यांनी आम्हाला तीन दिवस ट्रेनिंग दिलं. त्यांचं म्हणणं असं, की रंगावरून, केसांवरून, वंशावरून ज्याला उठता-बसता कमी लेखलं जातं, त्याच्या अंगात ते उतरतं. बीपी वाढतं, झोप जाते, पोटातली पोरं दिवसांच्या आधी आणि वजनाने कमी जन्मतात. तेव्हा अपमान मोजायचा, बीपीही मोजायचं, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायचं.

हा अभ्यास मुख्यतः सिद्दी लोकांचा होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सिद्दी म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या पिढ्या. आमच्याच रानात राहतात, आमच्यासारखंच भात लावतात, कोकणी बोलतात, कानडी बोलतात, माझ्याशी मराठी बोलतात. आणि तरी परगावचा एखादा कंडक्टर त्यांना तिकीट देताना विचारतो, ‘कुठल्या देशातनं आलात?’ त्यांच्याशी तुलना करायला म्हणून आमच्यासारखे बाकीचे लोकही थोडे घ्यायचे होते.

प्रश्न नऊ. लोक तुम्हाला कमी मानाने वागवतात का? दुकानात, बसमध्ये, कचेरीत तुम्हाला मागे ठेवतात का? तुमच्या घरचं खायला-प्यायला नको म्हणतात का? दवाखान्यात तुम्हाला इतरांपेक्षा वाईट वागवलं गेलं का? असे. सगळं गेल्या बारा महिन्यांतलं. उत्तरं पाच, ‘रोज’पासून ‘कधीच नाही’पर्यंत. ‘रोज’ला सगळ्यात जास्त गुण, ‘कधीच नाही’ला शून्य. म्हणजे ज्याचा अपमान जास्त तो पहिल्या नंबरने पास. आणि एक कडक नियम होता: प्रश्न छापलाय तसा वाचायचा, उत्तर सुचवायचं नाही, आणि ऐकताना चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. बत्तीस वर्षं नर्स असलेल्या बाईला चेहरा कोरा ठेवायला शिकवण्यासाठी शहरातून माणूस यावा लागला.

सुरुवात मी घराजवळून, रामनगरातून केली. तुलनेच्या यादीत पहिलं नाव मारुतीरावांचं. सिमेंट आणि खताचं दुकान, वर दोन मजले, दारात दोन गाड्या. मी पहिला प्रश्न वाचला. लोक तुम्हाला कमी मानाने वागवतात का?

“रोज,” मारुतीराव म्हणाले.

“रोज?”

“तर काय. ब्यांकेचा म्यानेजर खुर्ची देत न्हाई. तालुक्याला गेलो की मुद्दाम कानडीत बोलत्यात. म्हंजे मला कानडी येतंय, पण मुद्दाम बोलत्यात ते कळतंय की न्हाई?”

त्या माणसाने नऊपैकी आठ प्रश्नांना ‘रोज’ म्हटलं. खाण्यापिण्याच्या प्रश्नाला म्हणाले, सून गार चहा देते, ते यात बसतं का. मी म्हटलं, काका, हे बाहेरच्या लोकांबद्दल हाय. ते म्हणाले, सून बाहेरनंच आलीया न्हवं? कारण विचारलं तर रंग, भाषा, जात, वय, जे जे वाचलं ते सगळं लाव म्हणाले. मग मी बीपी बघितलं. विशीतल्या पैलवानाचं असतं तसं बीपी. जाताना त्यांनी मला हळूच विचारलं, “ह्याचं सर्टिफिकेट मिळतंय व्हय?”

रामनगरात घरोघर हीच तऱ्हा. एक बाई म्हणाली, नणंदेने लग्नात मानाची साडी हलकी दिली, ते लिहा. एका गृहस्थांचं पंचायतीत भाषण अर्ध्यात थांबवलेलं, ते त्यांनी मला पूर्ण ऐकवलं. मी आपली कोऱ्या चेहऱ्याने टिकटिक करत होते.

मग गुंद गावाच्या पलीकडे, रानातल्या सिद्दी वाडीत गेले. सोळा घरं. गुंदपर्यंत जीप, पुढे पायी. पहिलं घर परसू म्हणून एका म्हाताऱ्याचं. त्याने घरातली एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची आणून धोतराने पुसली, मला दिली आणि स्वतः उंबऱ्याशी खाली बसला. बायकोने केळ्यांची एक फणी आणून माझ्यापुढे ठेवली. मी केळं सोललं, बाटलीतलं माझं पाणी प्यायले आणि प्रश्न काढले.

“लोक तुम्हाला कमी मानानं वागवत्यात का?”

“न्हाई बा. लोकं चांगली हायत.”

“दुकानात, बसमध्ये मागं ठेवत्यात?”

“कधीच न्हाई.”

“तुमच्या घरचं खायला-प्यायला कुणी नको म्हणतंय?”

“न्हाई. कोन कशाला म्हनंल?”

नऊच्या नऊ ‘कधीच नाही’. शून्य गुण. बीपी मात्र वर माडावर चढलेलं. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरात तेच. प्रत्येक घरात खुर्ची पुसली जायची, प्रत्येक घरात केळी यायची, आणि प्रत्येक घरात शून्य. मी मनात म्हटलं, किती मानतात मला. केळी तर इतकी झाली की येताना जीपवाल्याला दिली. आणि हेही म्हटलं, की शहरातल्या लोकांना उगाच वाटतं इथे भेदभाव आहे, इथे सगळे कसे गुण्यागोविंदाने राहतात. घरी येऊन नवऱ्यालाही तसं सांगितलं.

त्याच वाडीत एक गिरिजा म्हणून होती. पंचेचाळिशीची, उंच, कमी बोलणारी. तिने प्रश्न संपूर्ण ऐकून घेतले, प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि प्रत्येक वेळी म्हणाली, “न्हाई, सिस्टर.” दवाखान्याच्या प्रश्नाला तर जरा हसल्यासारखी झाली. मला वाटलं, भोळी आहे.

महिन्याभराने वृंदा मॅडमचा फोन आला. “ताई, तुमचा डेटा उलटा येतोय.”

“उलटा म्हणजे?”

“म्हणजे आपल्या आकड्यांप्रमाणे तालुक्यातला सर्वांत पीडित माणूस रामनगरचा सिमेंटचा व्यापारी निघतोय.”

“मग असंल,” मी म्हटलं. मला खरं तर हसू येत होतं. मग त्या मऊ आवाजात म्हणाल्या, “ताई, राग मानू नका, पण तुम्ही प्रत्यक्ष घरोघर जाता ना? सगळ्या सिद्दी फॉर्मवर एकसारखे शून्य आहेत.”

आता बघा. गुडघे झिजवत रान तुडवलं मी, आणि घरी बसून फॉर्म भरल्याचा संशय माझ्यावर. बत्तीस वर्षांत माझ्या रजिस्टरावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्या दिवशी मला कुणी ते नऊ प्रश्न विचारले असते तर मीही ‘रोज’ म्हटलं असतं. संस्थेचा नियम होता की शंका आली की काही घरं परत करायची. मॅडमनी यादी धाडली. पहिलं नाव गिरिजाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने मी फणफणत गेले. गिरिजाच्या ओटीवर एक गरोदर पोरगी भिंतीला टेकून बसलेली. तिची थोरली मुलगी, मंगला. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा सरत आलेला. मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या पायांकडे बघितलं. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. तोंडावर सूज. टॅब राहिला पिशवीत. मी तिच्या दंडाला पट्टा बांधला.

वरचं एकशे सत्तर, खालचं एकशे दहा. परत बघितलं. तेवढंच.

“डोकं दुखतंय?”

“परवाधरनं,” मंगला म्हणाली. “आनि डोळ्यापुढं काजवे दिसत्यात.”

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. गरोदरपणात बीपी असं चढलं, डोकं दुखायला लागलं, डोळ्यापुढे काजवे आले, की पुढची पायरी झटके. झटके आले की आई जाते किंवा मूल जातं, कधी दोघंही. यावर घरात उपाय नाही. मोठ्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन, बाळ बाहेर काढूनच जीव वाचतो, आणि त्यासाठी हातात दिवस नसतात, काही तास असतात.

मी गिरिजाला म्हटलं, “उठ. कपडे बांध. हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं हाय.”

“न्हाई,” गिरिजा म्हणाली.

मी तिला समजावलं. मग रागावले. मग नर्स ओरडते तशी ओरडले. पोरीला मारायला निघालीस का, अडाणीपणाला काही हद्द आहे का, सरकार एवढं करतंय तरी तुम्हा लोकांना कळत नाही, असं जे जे बत्तीस वर्षं तोंडात बसलेलं ते सगळं काढलं. वाडीतली चार माणसं गोळा झाली. गिरिजाने माझं संपू दिलं.

मग म्हणाली, “ही पोटात हुती तवा गेल्ते की दवाखान्यात. तुमच्याकडंच आल्ते.”

“माझ्याकडं?” मला आठवेना, पण बरं वाटलं. “मग बघ. सुखरूप झाली न्हवं? एवढी मोठी झालीया.”

“ही झाली सुखरूप. मी फाटले.”

गिरिजा पुढे सांगायला लागली.

“तुमी टाके घालाय बसलासा. बाजूच्या खाटेवर गावातली एक बाई हुती, तिला आधी बधिराची सुई दिलासा आनि मग शिवलासा. माझ्याकडं आलासा आनि तसंच सुरू केलासा. मी म्हटलं, मला सुई न्हाई? तर तुमी हसलासा. म्हनालासा, तुमाला कशाला, तुमचं अंग दणकट, सिद्दी बायकांना लागत न्हाई.”

मी मंगलाच्या दंडाचा पट्टा सोडायला लागले.

“पयल्या टाक्याला मी वरडले. तुमी मांडीवर चापट मारलासा. मग न्हाई वरडले. पाच टाके हुते.”

आता मी तुम्हाला सांगू शकते की त्या दिवसांत बधिर करायच्या औषधाच्या बाटल्या मोजक्या यायच्या. हे खरं आहे. महिनाअखेरीला कपाटात एखादी उरायची, कधी तीही नाही. तेव्हा आमची कामाची एक रीत होती: जी आरडाओरडा करेल तिला सुई, जी सोसेल तिला तसंच. आणि कोण सोसेल हे विचारावं लागत नाही, बघूनच कळतं, असं मला वाटायचं. नवीन नर्स आली की मी तिला शिकवायची, सिद्दी बायका फार चिवट, त्यांच्यावर औषध घालवू नको. यात त्यांना काही वाईट म्हणतेय असं माझ्या मनातही यायचं नाही. मी त्यांचं कौतुक करत होते. चारचौघांत सांगायची, बाळंतीण असावी तर सिद्दीण, हूं की चूं करत नाही. टंचाई सरकारची होती, पण ती कुणाच्या अंगावर घालायची ते मी ठरवत होते, आणि चापट मारायला तर कुठल्या औषधाची टंचाई लागत नव्हती.

गिरिजाचा चेहरा मला तेव्हाही आठवला नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण नाही आठवला.

“ह्या टॅबवर मी तुला इचारलेलं,” मी म्हटलं, “दवाखान्यात वाईट वागवलं का म्हणून. तू न्हाई म्हणालीस.”

“गेल्या वर्सातलं इचारलासा. मी बावीस वर्सं दवाखान्याची पायरी चढले न्हाई. मला कोन वागवनार?” ती म्हणाली. “आनि आमच्या घरचं खायला-प्यायला कुनी नको म्हनतंय का म्हनून इचारलासा. आमी देतच न्हाई. वरल्या जातीच्या लोकास्नी आमी सोलायचं फळ देतो, पानी देत न्हाई. मग नको म्हननार कोन?”

उंबऱ्यापाशी परसू म्हातारा उभा होता. तो हळूच म्हणाला, “सिस्टर, तुमीच इचारतासा. तुमच्या तोंडावर कसं सांगायचं?”

मला तेव्हा काय सुचलं म्हणाल? मी म्हटलं, “मला पाणी दे गं तांब्यात.” एकदम मोठेपणा आला होता मला. गिरिजा म्हणाली, “आज कशाला?” आणि उठली नाही.

मग तिने राहिलेलं सांगितलं. मंगलानंतर दोन बाळंतपणं घरात झाली. एक पोरगं राहिलं. दुसरं आडवं होतं, दीड दिवस अडलं, ते गेलं. वाडीतल्या बायकांनी दवाखान्यात चल म्हणून पाय धरले होते. ती गेली नव्हती.

मी म्हटलं, “गिरिजा, माझं चुकलं.”

“ते मागनं बघू,” ती म्हणाली. ती मंगलाकडे बघत होती. मंगलाने भिंतीवर डोकं टेकून डोळे मिटले होते.

“अव्वा,” मंगला म्हणाली, “मला जायचं हाय. मला भ्या वाटाय लागलंय.”

गिरिजाने तिच्या कपाळाला हात लावून बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमी संगं यायचं. हिच्या उशाशी उभं ऱ्हायचं. ही वरडली तर कुनी गप म्हनायचं न्हाई. हिला हात लावायच्या आधी सुई.”

“व्हय,” मी म्हटलं.

वाडीत फोनला रेंज नाही. परसूचा नातू टेकडीवर जाऊन अँब्युलन्सला फोन लावून आला. चौघांनी मंगलाला खुर्चीत बसवून, बांबू बांधून गुंदच्या रस्त्यापर्यंत आणलं. खुर्ची परसूची, तीच, जी त्याने मला धोतराने पुसून दिली होती. मी मागून छत्री धरून चालत होते आणि दर दहा मिनिटांनी पट्टा बांधत होते. बीपी उतरत नव्हतं. गाडी आली तेव्हा दुपार झाली होती, आणि मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचंय त्यात त्या दवाखान्यापेक्षा माझा हात जास्त आहे.

डॉक्टर चांगले होते. झटक्यांचं इंजेक्शन लगेच दिलं, कळा आणायचं औषध लावलं. मी उशाशी उभी राहिले. मंगलाला पहाटे कळा आल्या आणि ती ओरडली. चांगली ओरडली. तिला गप करायला आया पुढे झाली तेव्हा मी तिच्याकडे बघितलं, ती मागे सरली. सकाळी मुलगी झाली. काडीएवढी, पण रडली.

मंगलाला फाटलं होतं. टाके घालायला जी नर्स आली ती मला बघून थांबली. “सिस्टर, ओळखलं न्हाई? मी तुमच्याकडं ट्रेनिंगला होते.” मी ओळखलं. हुशार पोरगी, हाताला हलकी. तिने गिरिजाच्या पोरीकडे बघितलं, सुई-दोरा उचलला आणि मी तिला म्हटलं, “आधी बधिराचं इंजेक्शन भर.”

ती हसली. “यांना कशाला सिस्टर? तुम्हीच तर सांगायचात.”

मी म्हटलं, “मी चुकीचं शिकवलं. भर.”

तिला वाटलं, मी चिडले. तिने इंजेक्शन भरलं, थांबली, आणि मग टाके घातले. एवढंच झालं. कपाटात त्या दिवशी बाटल्या भरपूर होत्या, मी बघितल्या.

दुपारी मी वृंदा मॅडमना फोन केला. म्हटलं, तुमचा डेटा उलटा नाही. जो दवाखान्यात जातच नाही त्याला तुम्ही विचारताय, की दवाखान्यात कसं वागवलं. जो पाणी देतच नाही त्याला विचारताय, की कोण प्यायलं नाही. आणि विचारायला धाडलंय मला. मग मी त्यांना गिरिजाचं सगळं सांगितलं, माझ्यासकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ताई, हे फारच महत्त्वाचं निरीक्षण आहे. रिमार्कच्या चौकटीत लिहाल का?”

मी पायरीवर बसून लिहायला घेतलं. त्या चौकटीत ठरावीक अक्षरंच मावतात, त्यापुढे टॅब काही घेत नाही. माझा रिमार्क ‘आणि ती नर्स म्हणजे’ इथे संपला. तो तसाच गेला. अहवालात त्याचं काय झालं मला ठाऊक नाही.

गिरिजा बाहेर आली आणि माझ्याशेजारी बसली. मंगलाचं बीपी उतरायला लागलं होतं, पोरगी कापसात गुंडाळून ठेवली होती. गिरिजाने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता. मला वाटत होतं ती काहीतरी बरं बोलेल. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होते.

“सिस्टर,” ती म्हणाली, “तुमी आमाला एवढं इचारलासा. मी एक इचारू?”

“इचार की.”

“माझ्यासारख्या तशाच किती जनींना शिवलासा?”

मी म्हटलं, “मोजल्या न्हाईत.”

“मग मोजा आता,” गिरिजा म्हणाली. “तुमचं काम तेच हाय न्हवं?”

आवाजात राग नव्हता. ती खरंच उत्तरासाठी थांबली होती. मी तिथे पायरीवर बसून बोटांवर मोजायला लागले. सुपा धरणाकडची एक होती, तिला चार टाके. जोयड्याच्या वाटेवरची एक, तीन. एक पावसात डोलीतून आणलेली, तिला सहा. एक अगदी कोवळी पोरगी, तिलाही चार. एका हाताची बोटं संपली, मग दुसऱ्या हाताची, आणि मी पुन्हा पहिल्या बोटावर आले. टाके मला सगळ्यांचे आठवत होते. गिरिजा म्हणाली, “नावं सांगा.” मला एकीचंही नाव आठवलं नाही.